पलंगावरची शेळी

बंकटदादानं सकाळीच शेळीच्या गळ्यात नवं दावं घातलं, तशी मोठमायनं चहाची कपबशी बाजूला सारून वॉकर उचलला. लेकावर उगारावा का शेळीवर, हे तिचं ठरंना. वॉकर जड होता, म्हणून तिनं तो परत खाली ठेवला.

मोठमाय म्हणजे माझी चुलती, साखराबाई. याच शेळीच्या दाव्यात पाय अडकून ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बीडच्या डॉक्टरांनी खुब्याची वाटी तशीच ठेवून नुसता गोळा नवा बसवला. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण, अर्धंच कावून बदललं, असं विचारून दादाकडं चिकट माणसाकडं बघावं तसा बघायचा. शेजारच्या हरिबानं तर जुन्या अर्ध्याची गॅरंटी विचारली. दादा समजावून समजावून थकला आणि शेवटी, दवाखान्यात तेवढाच माल शिल्लक होता, असं सांगायला लागला.

उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बुटक्या पाटावर टेकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमच्या घरात चूल खाली, जातं खाली, सूप खाली, आणि शेळीची कासही खालीच. मोठमाय ओसरीतल्या उंच लोखंडी पलंगावर बसून दिवसभर बबितावहिनीची कामं बघायची. त्यानं दोघीही दमून जायच्या. शेळी तर दुसऱ्या कुणाला धारच काढू देईना. लाथा मारून तिनं वहिनीची दोन पातेली चेपली, तेव्हा दादानं शेळी वडवणीच्या बाजारात विकायला न्यायचं ठरवलं.

"माय, तुला खाली बसता येईना, तिला आमचा हात चालंना. ठिवून करावं काय?"

"ती गेल्यावर मी काय करू? तेवढंच एक काम ऱ्हायलंय मला."

मोठमायनं शेळीकडं बघितलं, मग आपल्या पलंगाकडं.

"डाक्टरनं मला खाली बसू नगं म्हणलंय," ती म्हणाली. "शेरडीला वर चढू नगं म्हणलंय का?"

तसं म्हणल्याचं कुणालाच आठवेना.

मोठमाय वॉकर धरून उठली आणि संडासाच्या भोकाच्या खुर्चीवर झाकण टाकून बसली. दादानं शेळी उचलून पलंगावर उभी केली. शेळीनं उशी हुंगली, वरून गल्ली बघितली आणि पाहुण्यासारखी निवांत उभी राहिली. पातेल्यात धार वाजायला लागली. चादर काढून घ्यायला वहिनीला जरा उशीर झाला, तेवढं सोडलं तर सगळं नीट पार पडलं.

फाट्यावर बाजाराची जीप हॉर्न वाजवत होती. मोठमायनं पातेलं वहिनीकडं दिलं, पदरानं तोंड पुसलं.

"उतरीव तिला," ती दादाला म्हणाली. "अन् लांब कुठं जाऊ नगं. सांजच्याला परत चढवायची हाय."