पाणी प्यालेलं गलबत

चार वर्षांपूर्वी अकोल्याहून आलेल्या एका पत्राला चिंतामणरावांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या घरी, मागच्या खोलीत, ते लाकडी गलबतं करू लागले होते. समुद्र पाहिला होता तो पुस्तकांत. सागवानाच्या पातळ पट्ट्या तासायच्या, वाफेवर वाकवायच्या, बारीक पितळी खिळ्यांनी सांगाड्यावर ठोकायच्या, वर पितळेच्या जड तोफा बसवायच्या. तिसऱ्या गलबताचा फोटो पेपरात आला आणि आठवड्यात खुशालराव नावाच्या अनोळखी माणसाचं पत्र आलं.

“मी बावीस वर्षं जहाजावर सुतार होतो. तुमच्या गलबताचा डौल चांगला आहे. पण पाण्यात टाकलं काय? पाण्यात न उतरलेलं जहाज म्हणजे कपाट. टाकलं असन तर कळवजा. नसन टाकलं तर कावून नाही, तेही कळवजा.”

‘नाही’ लिहिलं तर आपण कपाटंच केली हे कबूल करावं लागणार. आणि टाकून पाहावं, तर बुडालं म्हणजे? पत्र एका जाड कोशात जाऊन बसलं.

या मे महिन्यात पुस्तकं झटकताना ते त्यांच्या पत्नीच्या, अनुपमाबाईंच्या हाती पडलं.

“चार वर्षं माणसाला ताटकळत ठेवलं? हो लिहा, नाहीतर नाही लिहा.”

“नाही कसं लिहू?”

“मग मागे हौद भरलेला आहे.”

दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसं त्यांनी ते फोटोतलं गलबत पाण्यावर ठेवलं. क्षणभर ते तरंगलं. मग फटीफटींतून बुडबुडे निघाले, आणि चौदा महिन्यांची मेहनत सावकाश तळाशी जाऊन बसली. डोलकाठीचं टोक तेवढं वर राहिलं.

“कपाटच होतं,” ते पुटपुटले आणि बाही वर सारू लागले.

“काढू नोका, सर!” शेजारच्या पार्बताबाई कुंपणावर कपडे वाळत घालता घालता ओरडल्या. “कावून काढून राहिले?”

“बुडालं ना हो.”

“बुडू द्या! माहा बाप चांदूर बाजारले बैलबंड्या करे. उन्हाळ्यात चाक खिळखिळं झालं का दोन दिवस पाण्यात टाकून ठेवे. लाकूड फुगलं का चाक घट्ट. इतकी पुस्तकं वाचली तुमी, अन् लाकडाले तहान लागते हे नाही वाचलं?”

वाचलं होतं. लाकूड पाण्यात फुगतं, हे त्यांनी कितीदा तरी वाचलं होतं. पण आपल्या पट्ट्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आकसून बसल्यात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

दोन दिवस गलबत तळाशी राहिलं. चिंतामणराव दर तासाला जाऊन बघत. “पोहायला शिकवताय का त्याला?” अनुपमाबाई विचारत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते बाहेर काढून उपडं केलं, पाणी निथळू दिलं. फटी दिसेनात. पुन्हा हौदात ठेवलं, तर ते एका कुशीवर कलंडलं.

“आता काय जी?” कुंपणावरून आवाज आला.

“आता माझं काम,” चिंतामणराव म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजानं चपापले. पोटात वजन हवं, तेही तळाशी, मधोमध. त्यांनी अंगणातले गोटे वेचले, एकेक करून आत रचले. सातव्या गोट्याला गलबत सरळ झालं.

अर्ध्या तासानं अनुपमाबाईंनी आत बोट फिरवलं. “कोरडं आहे हो! अगदी कोरडं!”

तेवढ्यात वारा सुटला. शीड फुगलं, आणि गलबत कुणी न ढकलता हौदाच्या या टोकाहून त्या टोकाला गेलं. पार्बताबाईंनी ओल्या हातांनीच टाळ्या पिटल्या. चिंतामणराव हौदाच्या कडेनं त्याच्याबरोबर चालत गेले, आणि पलीकडे पोचल्यावर त्यांना कळलं, आपण मोठ्यानं हसतो आहोत.

पाच कागद फाडून झाल्यावर सहाव्यावर पत्र उतरलं.

“श्री. खुशालराव यांस सप्रेम नमस्कार. पाण्यात टाकलं. बुडालं. मग तरंगलं, आणि चाललंही. उशिराबद्दल क्षमस्व. पुढच्या रविवारी गलबत घेऊन अकोल्याला येतो. पाण्याची सोय तुमच्याकडे.”

शेवटचं वाक्य जरा आगाऊ झालं, असं त्यांना टपालपेटीसमोर वाटलं. खोडावं म्हणून खिशाकडे हात गेला, पण पेन घरीच राहिलं होतं. त्यांनी पत्र पेटीत टाकलं.