गोळ्याविना गाडी नाही

यातला एक शब्द तुम्हांला पटायचा नाही. आजवर कोणालाच पटलेला नाही. नागपूरहून नरखेडला जाणारी एक गाडी होती. तिचा गार्ड मांजर, सिग्नलवर मांजर, पार्सलच्या खात्यातही मांजरच. आणि ही गाडी माझ्या घरात, बायकोच्या खाटेपासून समोरच्या खिडकीपर्यंत चालत असे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जागा नाही.

हे मी आमच्या ओट्यावर बसून सांगत होतो. पौषातली दुपार होती, ऊन पाठीला बरं वाटत होतं. ऐकायला भैयाजी होता. तो सीताबर्डीच्या कापडदुकानात कापड मोजतो आणि जेवायला घरी आला की आधी माझ्याकडून एक गोष्ट वसूल करतो. शेजारच्या ओट्यावर शामलाबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. ती ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं. खडे मात्र वेचून वेचून फेकत होती.

"मांजर गार्ड?" भैयाजी म्हणाला. "मंग शिट्टी कोन वाजवे, मास्तर?"

"तोच. दातात धरून."

"आन् सिग्नल?"

"शेपूट कशाले असते गा मांजराले? शेपूट उभी, तं गाडी उभी. शेपूट पडली, की रस्ता साफ."

भैयाजी मांडीवर थाप मारून हसला. हसू दे. माणूस हसत असला की त्याला पुढचं सांगता येतं.

मी तेहतीस वर्षं स्टेशन मास्तर होतो. छोट्या लाइनीवर, जंगलातल्या स्टेशनांवर, जिथं दिवसाला दोन गाड्या आणि आठवड्याला एक अस्वल येई. पेन्शन घेऊन नागपुरात घरी आलो, पेटाऱ्या उघडल्या, आणि त्याच साली प्रयागबाईचं कमरेखालचं अंग गेलं. प्रयागबाई म्हणजे माझी बायको. तिचं माहेर नरखेडजवळच्या एका खेड्यात. घरची संत्र्याची बाग. आंबिया बहार तोडायला आला की दरसाल ती जायची. आता तिला बैलगाडीत घालून स्टेशनावर न्यावं म्हटलं, तर वैद्य म्हणाले, नेऊ नका, गचक्यानं वाटेतच जाईल.

एक वर्ष तिनं माहेरचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी, मी तिला पेज भरवत असताना म्हणाली, "अजी, तुम्ही जलमभर लोकायले गाडीत बसवून देल्लं. मलेच काहून फलाटावर ठेवून राहिले?"

मी वाटी धुवायला उठलो आणि बराच वेळ वाटी धूत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी लाइन टाकायला घेतली. जुन्या छत्र्यांच्या काड्यांचे रूळ, आगपेट्यांच्या लाकडाचे स्लीपर. बिस्किटांच्या डब्यांचे डबे. इंजिनाला सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. चावी भरली की सात हात जाई, आणि माझ्या खोलीतलं नरखेड नेमकं सात हातांवरच होतं. खाटेजवळ नागपूर, मधे काटोल, खिडकीखाली नरखेड. काटोलच्या पुढे फुटक्या माठाचा बोगदा. खरं म्हणाल तर त्या लाइनीवर तिथं बोगदा नाही, पण माठ फुटलेला होता आणि टाकवत नव्हता. नरखेडला कडुनिंबाच्या काड्यांची झाडं रोवली आणि त्यांना हळदकुंकवात घोळलेले ज्वारीचे दाणे चिकटवले. प्रयागबाई ते पाहून म्हणाली, "बहार चांगला हाय. पानी कमी पडलं."

मग तिनं खाटेवर पडल्यापडल्या एक बाहुली शिवली. चार बोटं उंचीची, लग्नातल्या पातळाच्या काठाची चिंधी नेसलेली.

"हे मी," ती म्हणाली. "हिले थर्ड क्लासात बसवा. तिकडं उतरलेली मले इथून दिसली पाहिजे. मंग मी मोकळी."

"मोकळी म्हंजे?"

"गाडी सोडा तुम्ही."

एवढंच काम होतं. सात हात. तेहतीस वर्षांत मी किती हजार गाड्या पार केल्या असतील. ही एक पार करायची होती.

पण ज्वारीची संत्री पाहून उंदीर आले. दोन रात्रींत नरखेडची अख्खी बाग फस्त. म्हणून शामलाबाईकडून एक मांजर मागून आणलं. ते पांढरं, रूळांवर अंग टाकून असं पसरे की जणू बड्या साहेबाच्या सलून-डब्यातून उतरलेली बाई. तिचं नाव मेमसाब. तिच्या मागोमाग एक काळा बोका आला, छातीवर पांढरा पट्टा, तो गार्ड. आणि पावसाळ्यात मेमसाबला एक पिल्लू झालं संत्र्याच्या करंडीत. करंडीवर कुठल्याशा स्टेशनाची चिठ्ठी चिकटलेली होती, म्हणून ते पार्सल.

उंदीर गेले. गाडीही गेली म्हणा. दुपारी चारला मी चावी भरायचो आणि बरोबर पावणेचारला तिघं हजर. टाइमटेबल पाठ होतं त्यांना, खोटं नाही सांगत. कधी मेमसाब बोगद्यात झोपलेली. इंजिन तिच्या पोटाला टेकून कुरकुरत स्प्रिंग संपवी. कधी गार्ड थर्ड क्लासचा डबाच तोंडात धरून चुलीमागे. पाच महिन्यांत बाहुली काटोलच्या पुढे गेली नाही. प्रयागबाई आधी हसायची. मग हसली की दम लागायचा, म्हणून नुसती बघायची. पडलेली बाहुली मी उचलून झटकून परत खाटेजवळ नागपूरला आणून ठेवली, की ती हात लांबवून तिचा पदर नीट करायची.

"उद्या," मी म्हणायचो.

"हो, उद्या," ती म्हणायची. तिचा आवाज दर उद्याला थोडा खाली जात होता.

"मास्तर, मांजरं हाकलून काहून नाई देल्ली?" भैयाजीनं विचारलं. तो आता हसत नव्हता.

"तिच्या पायाशी झोपत गा. पाय मेलेले होते, तिले त्यायचं वजन समजे नाई. पण मले म्हणे, उब येऊन राहिली. कसे हाकलतो?"

आता गोळ्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनात एक यंत्र असतं. पुढचं स्टेशन हो म्हणालं की त्यातून लोखंडाचा एक गोळा निघतो. तो ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हाती, तर रस्ता तुझा. गोळा नाही, तर लाटसाहेबाची गाडी असली तरी उभी राहील. मी राहू दिली आहे उभी. साहेब शिव्या देत होता आणि मी उन्हात टोपी घालून उभा होतो. उभ्या नोकरीत गोळ्याविना एक गाडी हलली नाही माझ्या स्टेशनावरून. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. माझ्याकडे तेवढंच होतं.

घरच्या गाडीलाही मी गोळा ठेवला होता. प्रयागबाईच्या पैंजणातलं चांदीचं घुंगरू. ती आता पैंजण घालत नव्हती, तिनंच तोडून दिलं. रोज कोनाड्यातून घुंगरू घ्यायचं, इंजिनात ठेवायचं, मग चावी सोडायची. ती मला चिडवायची, "समोरून कोन येऊन राहिलं, मास्तर? एकच तं गाडी हाय!" मी म्हणायचो, नियम असतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती म्हणाली, "आज चार वाजेलोग नोका थांबू."

दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी काय ते समजलो. मेमसाब आणि गार्डला टोपल्याखाली कोंडलं, वर पाटा ठेवला. पार्सल तेवढं कुठं दिसलं नाही. रूळ पुसले. इंजिनात तेलाचा थेंब सोडला, चावी गच्च भरून खटका लावला. बाहुली डब्यात बसवली. प्रयागबाईच्या मानेखाली दुहेरी घोंगडी देऊन तिला नरखेड दिसेल अशी टेकवली. आणि कोनाड्यात हात घातला.

कोनाडा रिकामा.

तेवढ्यात डोक्यावर, छपराच्या कवेलूंवर, छुन्न वाजलं. पार्सल.

"जाऊ द्या न तसीच," प्रयागबाई म्हणाली.

"पाच मिनिटं. नियम हाय, प्रयागा."

भैयाजी पुढे सरकून बसला. शामलाबाईच्या सुपातला आवाज बंद झाला होता.

"मंग?" भैयाजी म्हणाला.

मग काय. मी दारात उभा राहिलो आणि तेहतीस वर्षांच्या आवाजात हाक मारली, "पार्सल! गोळा आण!" आणि खरंच सांगतो, ते पिल्लू कवेलूंवरून भिंतीवर, भिंतीवरून अंगणात, तोंडात घुंगरू धरून ताठ चालत आत आलं. इकडेतिकडे पाहिलं नाही. इंजिनाजवळ बसून मान वाकवली आणि घुंगरू जागेवर ठेवलं. टोपल्याखालून गार्डनं शिट्टी दिली. मेमसाबची शेपूट टोपल्याच्या भोकातून बाहेर आली, उभी होती ती पडली. मी खटका सोडला. गाडी निघाली. काटोल गेलं. गाडी बोगद्यात शिरली, आणि मी श्वास धरला, आणि निघाली हो दुसऱ्या बाजूनं. नरखेडच्या फलाटाला लागली तेव्हा स्प्रिंगचा शेवटचा वेढा सुटला. बाहुली आपल्या पायानं उतरली. पदर सावरला. प्रयागबाईनं दोन्ही हातांनी टाळी वाजवली, म्हणाली, "पोचली मी," आणि डोळे मिटले.

भैयाजीनं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "आपल्या पायानं उतरली," तो म्हणाला. "मास्तर, तुम्ही बी न..." पण त्याला ते हवं होतं, मला दिसत होतं. मलाही हवं होतं. तीन वर्षं झाली. रूळ अजून जमिनीवर आहेत, गंजले. मी ओलांडून जातो, त्यांवर पाय देत नाही. मांजरं आता सात आहेत आणि त्यांच्यातलं एकही गाडीला हात लावत नाही. चावी भरायला मला धजवत नाही. ही गोष्ट मात्र मी जितक्यांदा सांगतो, तितक्यांदा गाडी पोचते.

"झूट," शामलाबाई म्हणाली.

तिनं सूप खाली ठेवलं.

"काय झूट, काकू?" भैयाजी म्हणाला. "मांजरायचं?"

"मांजरायचं असू दे बाप्पा खरं. शिट्टी बी वाजवली असन. पण गाडी नाई गेली." ती माझ्याकडे पाहत नव्हती, डाळीकडे पाहत होती. "मले तिच्यापाशी बसवून हे मास्तर शिडी लावून कवेलूवर चढले, त्या घुंगराच्या मागं. मी खालून हाका मारून राहिली, उतरा, मास्तर, उतरा, तिचे डोळे फिरून राहिले. हे वरून म्हणे, दिसलं, दिसलं, आलोच."

"शामलाबाई," मी म्हणालो.

"प्रयागबाई मले म्हणे, शामला, तूच लोट वं बोटानं. तुमाले हे नाई सांगितलं मी तीन वर्स. मी बोट लावलं होतं डब्याले, मास्तर. आन् काढून घेतलं. म्हटलं, मास्तरचा नियम हाय, खाली आले तं वरडतीन." तिनं सुपातला एक खडा उचलला आणि फेकला नाही, मुठीत धरला. "तुम्ही घुंगरू घेऊन उतरले, तवा बाहुली नागपुरातच बसून होती."