लवचिक मनाचा वर्ग

दादासो जगदाळ्यांना कुणी फुकट चहा पाजला, तर ते आधी पाजणाऱ्याचं तोंड बघत आणि मग कपाकडे. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांना लागणारी रबरी सील बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं साच्यात रबर दाबणाऱ्या प्रेसवर गेली होती, आणि आता ते युनियनचे सेक्रेटरीही होते. मागे एकदा कंपनीनं सगळ्यांना शिरापुरीचं जेवण घातलं आणि पुढच्याच आठवड्यात निम्मे हंगामी कामगार घरी पाठवले. तेव्हापासून कंपनीचं काहीही गोड त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

त्यामुळे कँटीनबाहेरच्या फळ्यावर ‘मन लवचिक करण्यासाठी ध्यानवर्ग, कामाच्या वेळेत’ असं लागलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. लवचिक? आणि तेही कामाच्या वेळेत?

“माणूस लवचिक कशाला पायजे, सांग,” कोरेगावला घरी जेवताना ते बायकोला, संयोगिताला म्हणाले. “वाकवायला सोपा जातो म्हणून!”

“आवं, डोळं मिटून बसायला सांगितलंय, अंगठा उठवायला न्हाई.”

“आज डोळं मिटा म्हणत्यात. मिटल्यावर म्होरं काय करत्यात, ते कुणाला दिसणार हाय?”

संयोगितानं आणखी एक भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि विषय सोडून दिला.

शिकवायला आली ती कराडची अक्षता. तिशीच्या आतली, साधा सुती ड्रेस, बोलणं हळू. लहानपणापासून आजीबरोबर विहारात ध्यानाला बसत आलेली, पुढे मानसशास्त्र शिकलेली. कँटीनमधली बाकडी भिंतीला लावून तिनं सतरंज्या टाकल्या आणि सांगितलं, “काही मिळवायचं नाही. श्वास येतोय, जातोय, तेवढं बघायचं. मनात विचार आला तर हाकलायचा नाही. आला, एवढं ओळखायचं.”

सगळ्यांनी डोळे मिटले. दादासो टक्क उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत बसले. वर्ग संपल्यावर ती त्यांच्यापाशी आली.

“काका, डोळे उघडे ठेवले तरी चालतं.”

“मी तुमच्यावर लक्ष ठिवतोय.”

“ठेवा की,” ती हसून म्हणाली. “जमलं तर थोडं त्या लक्ष ठेवणाऱ्यावरही ठेवा.”

पोरगी हुशार आहे, दादासोंच्या मनात आलं. आणि हुशार माणूस कंपनी उगाच आणत नाही.

त्यांनी तिच्या बारीकसारीक हालचाली टिपायला सुरुवात केली. वर्गानंतर ती मॅनेजरच्या केबिनमध्ये जाते. आत दार लावून बसते. बाहेर आली की कुणाच्या नजरेला नजर देत नाही. निदान दादासोंना तरी तसं वाटायचं. त्यात वर्गात माणसं मोकळी व्हायला लागली होती. शेजारच्या प्रेसवरच्या रविराजनं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की बाप गेल्यापासून त्याला झोप लागत नाही, कामावर उभ्याउभ्या डोळे मिटतात. दादासोंना वाटलं, उठून त्याच्या तोंडावर हात ठेवावा. अरे गड्या, हे कुठं बोलतोयस?

आणि झालंही तसंच. आठवडा गेला नाही तोच रविराजला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं.

दादासोंच्या डोक्यात सगळ्या कड्या खटाखट जुळल्या. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधीच ते उभे राहिले.

“मॅडम, हितं बोललेलं तुमी केबिनमधी जाऊन सांगताय. रविराजचं तुमीच सांगितलंत. गरिबाच्या मनातलं काढून घ्यायचं आन् मालकाला विकायचं, ह्यालाच ध्यान म्हणत्यात व्हय?”

अक्षताचा चेहरा पांढरा पडला. “मी कुणाचं काहीही सांगितलेलं नाही,” ती एवढंच म्हणाली. पण सतरंजीवर कुणी बसेना. थोडा वेळ थांबून तिनं पिशवी उचलली आणि ती निघून गेली. नंतर चार जणांनी दादासोंची पाठ थोपटली.

पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर रविराज त्यांची वाटच बघत होता. त्यानं चहा मागवला नाही.

“दादा, तुमी हे काय केलंत? मीच गेलो हुतो सायबाकडं. मीच म्हणलं, मला प्रेसवर ठिवू नका.”

“तू? कशापायी?”

“साचा मिटताना माझा हात आत ऱ्हायला हुता. थोडक्यात वाचलो. आधी मनाशी म्हणायचो, काय हुत न्हाई, मी गडी हाय. त्या वर्गात बसून बसून कळलं, मी भेलोय. भेलोय तर भेलोय. म्हणून गेलो आन् मागून घेतलं.”

दादासोंचे कान गरम झाले. माहुलीचा पूल ओलांडून मोटारसायकलवर घरी जाताना ते स्वतःशीच भांडत होते. रविराजला कंपनीनं पढवलं असेल. नाही, रविराज खोटं बोलणारा नव्हे. पण केबिनमध्ये ती जाते ती जातेच ना? एक संशय खाली बसवला की दुसरा उठत होता, आणि आज पहिल्यांदा ते उठताना त्यांना दिसत होते.

अक्षता दोन वर्गांना आलीच नाही. तिसऱ्या वेळी आली तेव्हा दादासो पुन्हा उभे राहिले. माणसांना वाटलं, आता आणखी जाळ होणार.

“त्या दिशी मी खोटं बोललो. खात्री न करता बोललो. चुकलं माझं.”

“बसा, काका,” अक्षता म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तिनं तो लपवला नाही. “केबिनमध्ये मी जाते ते साहेबांना नको म्हणायला. कोण काय बोलतं ते त्यांना हवं असतं.”

म्हणजे मागणारा होताच. दादासो सतरंजीवर बसले, पण आता ते तिच्यावर नजर ठेवत नव्हते.

दिवाळी झाली आणि कंपनीनं जाहीर केलं, की यापुढे प्रत्येकानं कुठल्याही खात्यात, कुठल्याही पाळीला काम करायचं. मॅनेजरनं शब्द वापरला तो नेमका ‘लवचिक’.

“दादा, तुमी म्हणत हुता तेच झालं!” सगळे दादासोंभोवती गोळा झाले.

बोलणी करायला मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्यावर दादासोंच्या छातीत ओळखीची आग उठली. अशा वेळी ते टेबलावर हात आपटत, नको ते बोलत आणि बाहेर येत. मग कंपनी मनासारखं करून मोकळी होई. आजही हात उचलला गेला. तो उचलला गेल्याचं त्यांना कळलं, आणि हात मांडीवर परत आला.

“सायेब, प्रेसचं शिकायला वेळ लागतो. न शिकलेला माणूस तिथं उभा केला आन् हात गेला, तर जबाबदार कोण? आन् लांबच्या गावास्नी रात्रीची येस्टी न्हाई. आधी ह्याचं सांगा, मग बाकीचं बोलू.”

मॅनेजर भांडणाच्या तयारीत बसला होता. प्रश्नांची तयारी त्यानं केली नव्हती. बोलणी लांबली. शेवटी शिकवल्याशिवाय कुणाला प्रेसवर उभं करायचं नाही आणि लांबून येणाऱ्यांना रात्रपाळी द्यायची नाही, एवढं कंपनीनं मान्य केलं. खाती मात्र बदलायची ती बदललीच.

काहींना हे मिळालं त्याचा आनंद झाला. काही जण मागून म्हणाले, दादा मऊ पडला, पोरीनं डोकं फिरवलं. दादासोंच्या कानावर ते आलं आणि लागलं, कारण त्यांनाही तीच शंका खात होती. हात आपटला असता तर आणखी मिळालं असतं का?

पुढच्या वर्गानंतर अक्षता सतरंज्यांच्या घड्या घालत होती. दादासो जवळ गेले.

“खरं सांगा. आमाला वाकवायलाच तुमाला आणलं हुतं का?”

“मला तसं कुणी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. मग हातातली घडी नीट करत, “पण आता मलाही तसंच वाटतंय.”

“मग यायचं बंद करणार?”

“ठरलं नाही अजून. तुम्ही?”

“मी बी न्हाई ठरवलं.” दादासोंनी उरलेली सतरंजी उचलून तिच्या हातात दिली. “पर त्या सायबावर नजर ठिवा. मी ठिवतोच हाय.”

पाळीचा भोंगा झाला, तसे ते प्रेसकडे निघाले.