बंगल्यावरच्या फोनची घंटी

साहेबाचा फोन ओळखायला फार अक्कल लागत नाही. ज्याची बटनं झिजलेली नाहीत, तो साहेबाचा.

हे मी ऋतुराजला तोंडावर सांगितलं. त्याला वाटलं मी गंमत करते. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माझ्या दुकानात तो खोकं घेऊन आला होता, तीन फोन आणि वायरीला लटकत आलेली घंटीची एक पेटी. मी ऑफिसातले जुने फोन दुरुस्त करते. घरातले साधे काळे नव्हेत, बटनांची रांग असलेले. एकाच डबड्यात चार-पाच लाईनी यायच्या, प्रत्येक बटनाखाली बारका दिवा असायचा. सिरियलवाले नेतात, पुण्याचे कॅफेवाले नेतात आणि कॉफी सांडून परत आणतात. तेही मीच धुते.

ऋतुराज म्हणजे बंद पडलेल्या गिरणीच्या मालकाचा नातू. त्या मालकांना सगळे मोठे साहेब म्हणायचे. रविवारी गिरणीच्या जुन्या ऑफिसात तो प्रदर्शन उघडणार होता. जुनी कात्री, जुनी घड्याळं, साहेबांची खुर्ची, साहेबांची टोपी. कामगारांचं काय ठेवलंय म्हणून विचारलं तर म्हणाला, "एक ग्रुप फोटो आहे की."

"दुर्गाताई, यातला आजोबांचा कुठला तेवढं ओळखा आणि तो एकदम चकाचक करून द्या."

मी तिन्ही फोन उलटे करून बघितले. एकाच्या पहिल्या बटनावरचा आकडा बोटानं पार पुसून गेला होता, रिसिव्हरची दांडी हातानं गुळगुळीत झाली होती. तो ऑपरेटरचा. दुसरा हिशोबनीसाच्या टेबलावरचा, शाईचे डाग होते. तिसरा कोरा करकरीत, नुसती धूळ. त्याच्याच वायरीला घंटीची पेटी होती, कारण बंगल्यावर साहेबाच्या पलंगाशेजारी भिंतीवर वेगळी घंटी लावलेली असायची. आत पितळेच्या दोन वाट्या आणि मधे त्यांच्यावर आपटणारा टोला. वरचं झाकण नुसतं कडीवर.

"हा तुमच्या आजोबांचा," मी म्हटलं.

तो खूश झाला. मोबाईल काढून म्हणाला, "आणि हे बघा, फोनच्या वर भिंतीवर हे लावणार आहोत."

वाचलं. साहेब किती मोठे, किती दयाळू, ते सगळं होतं. आणि मग हे होतं: 'गिरणीतील आगीच्या वेळी महिला ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे या फोनवर निरोप पोहोचलाच नाही. तरीही साहेबांनी तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली नाही.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती ऑपरेटर माझी आई आहे," मी म्हटलं.

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "सॉरी ताई, मला माहीत नव्हतं. पण नाव नाही लिहिलं की आपण."

"नाव नाही लिहिलं म्हणे! अहो, गिरणीत बाईमाणूस ऑपरेटर एकच होती. सगळ्या सोलापूरला माहीत आहे. निघा तुम्ही. फोन राहू दे इथंच."

तो गेला. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि एकटीच शिव्या देत बसले.

आता आईचं सांगते. बजाबाई तिचं नाव. वळसंग गावची, मॅट्रिक झालेली, गिरणीच्या ऑफिसात टेलिफोनवर बसायची. त्या काळात लई मान होता. माझे अप्पा त्याच गिरणीत साहेबांचे शिपाई. गिरणीत कापसाचं गोडाऊन होतं. कापूस चोरीला जातो म्हणून साहेबांनी नियम काढलेला, आत हमाल गाठी लावत असले तरी बाहेरून कुलूप घालायचं आणि किल्ली बंगल्यावर ठेवायची. माणसं काय उंदरं होती का? पण बोलणार कोण. एका दुपारी गोडाऊन पेटलं. गेटवरून आईला फोन आला, आईनं बंगल्यावर लावला. घंटी देत राहिली, देत राहिली. कुणी उचललं नाही. शेवटी वॉचमन पळत बंगल्यावर गेला, किल्ली घेऊन आला, तोवर बाकीचे वरच्या झरोक्यातून उड्या टाकून सुटले होते. एक हमाल आतच राहिला.

साहेब म्हणाले, मी फोनच्या शेजारीच आडवा झालो होतो, घंटी वाजलीच नाही. झालं. वड्याचं तेल वांग्यावर. कुलूप कुणाच्या नियमानं होतं ते राहिलं बाजूला, आणि बाई चहा पीत बसली होती असं पेठेत झालं. आईची नोकरी गेली. त्या हमालाची बायको आईला बघितलं की रस्त्यात थुंकायची. मॅट्रिक झालेली माझी आई जन्मभर विड्या वळत बसली. अप्पांची नोकरी मात्र राहिली, गिरणी बंद पडेपर्यंत. साहेबांची मेहरबानी, असं अप्पाच म्हणायचे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तर मी काय केलं, साहेबाचा फोन घेतला आणि दुकानातल्या लाईनीला जोडला. बघूया तरी म्हटलं, हा फोन खरंच मुका होता का. ऑपरेटरच्या सेटवरून बटन दाबलं. साहेबाच्या सेटवर दिवा लागला. इतक्या वर्षांनी लागला! पण घंटी वाजली नाही. पेटीतून नुसतं थप थप ऐकू आलं. कडी काढून झाकण उघडलं. आतल्या टोल्याला फडकं गुंडाळलं होतं, घट्ट, वरून दोऱ्यानं आवळून.

मी खुर्चीवरून उठले की काय केलं मला आठवत नाही. ओरडले एवढं नक्की, कारण शेजारचा चादरीवाला बघायला आला.

भर दुपारी साहेबाला झोप मोडायला नको म्हणून घंटीचं तोंड बांधलं होतं! माणूस जळत होता आणि हा बंगल्यावर घोरत होता. आणि आई सांगायची की आगीच्या दुसऱ्याच दिवशी बंगल्यावर नवा फोन बसला, जुना साहेबांनी कपाटात कुलपात टाकला. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

ऋतुराजला फोन केला. तो लगेच आला, हे मानलं पाहिजे. पेटीत डोकावला. चेहरा पडला त्याचा. पण शेवटी रक्त कुणाचं? म्हणाला, "ताई, हे कुणी बांधलं, कधी बांधलं, कशावरून? नंतर कुणी बांधलं असेल. आजोबा तर आता नाहीत उत्तर द्यायला."

"चोर तो चोर, वर शिरजोर! कपाटात बसून फोननं स्वतःच फडकं गुंडाळून घेतलं का?"

"चिडू नका. मला एक माणूस दाखवा, जो सांगेल की दुपारी बंगल्यावरची घंटी बांधायची पद्धत होती. एक जरी माणूस बोलला तर ते वाक्य मी स्वतः काढतो. खरं काय ते लिहितो. शप्पथ."

"काढ गाडी," मी म्हटलं. त्याला अरेतुरे करायला लागले होते, तेही ध्यानात आलं नाही. "माणूस जिवंत आहे. माझ्याच घरात आहे."

माझं डोकं हे असं. एकदा तापलं की पुढचं दिसत नाही. मला वाटलं, आईला फडकं दाखवायचं, ती म्हणणार, व्हय गं, साहेब झोपायचा तवा बांधत्यात असं कानावर आलं हुतं. संपला विषय. फडकं काळजीनं सोडवलं, रुमालात ठेवलं आणि निघाले.

आई बाहेरच्या खोलीत तूर निवडत बसली होती. मी दारातूनच ओरडले, "आई, तुझी चूक नव्हती! तू घंटी दिली होतीस, पण हरामखोरांनी टोल्याला फडकं बांधलं होतं. हे बघ. हे बघ की!"

आणि ते फडकं तिच्या हातात दिलं.

आईनं ते उलगडलं. वीतभर कापड, धुळीनं काळवंडलेलं, पण कडेला लाल काठ शाबूत. तिनं अंगठ्यानं काठ पुसला. परत पुसला. सूप बाजूला ठेवलं.

"हे कुटं गावलं?"

"सांगितलं की, साहेबाच्या घंटीत."

"हे माजं इरकल लुगडं हाय," आई म्हणाली. "लग्नातलं. फाटलं हुतं. साहेबाची गाडी पुसायला फडकं पायजे म्हणून ह्येनी मागून नेलं."

ऋतुराजला काही कळलं नाही. मला कळलं. बंगल्यावर साहेबाच्या खोलीत जायची मुभा एकाच शिपायाला होती. म्हणजे दुपारी बांधून अप्पा पानाला जायचे, चारला येऊन सोडायचे. त्या दिवशी सोडायची वेळच आली नाही.

"आई, अगं, कुणाचं तरी तसलंच..." मी काहीतरी बरळले.

"तसलंच कसलं? हितं मी रफू केलंय. माजा टाका मला कळंना व्हय?"

तिनं त्या टाक्यावर बोट ठेवलं. मग बोलायला लागली, आवाज चढतच गेला.

"त्या दिवशी घरी आले. मी रडत बसलेली. माज्यापशी बसून इचारलं, 'खरंच दाबलं हुतंस का गं बटन? नीट आठव.' रोज इचारायचे. जेवताना इचारायचे. मी म्हणायची, दाबलं वो, लई बार दाबलं. 'आठव,' म्हणायचे. आठवून आठवून मलाच वाटाय लागलं, दाबलं न्हवतं मी. त्या हमालाची बायको थुकली की मी तोंड खाली घालायची. माजाच गुना हाय म्हणून! आन् ह्यो माणूस माज्या हातची भाकर खात बसला. सगळं ठावं असून!"

असं ओरडताना मी आईला कधी बघितलं नव्हतं. मला आता तिथून सगळं उचलून पळून जावंसं वाटत होतं. अप्पांचा राग आला, साहेबाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला. मी ऋतुराजला म्हटलं, "ते वाक्य काढून टाक फक्त. दुसरं काही लिहू नको. विषय मिटला."

तो बिचारा मान डोलावून उठला.

"बस खाली," आई म्हणाली. "मिटला कसा? ल्ह्यायचं. खरं काय ते लिवतो म्हणालास न्हवं?"

तो परत बसला. मोबाईल काढला. चाचरत विचारलं, "आजी, त्या बांधणाऱ्याचं... नाव काय लिहू?"

मी सवयीनं तोंड उघडलं. कारण आमच्या आईनं जन्मात कधी अप्पांचं नाव घेतलं नव्हतं. रेशनवाला विचारो, मतदार यादीवाला येवो, दवाखान्यात फॉर्म भरायचा असो, ती पदर तोंडाला लावून मला पुढं करायची. हळदी-कुंकवाला बायका मागं लागल्या तर उखाण्यातसुद्धा दोन ओळी म्हणून नावाशी येऊन अडायची. अप्पा गेल्यावर दहाव्यालाही नाव भटजींना मीच सांगितलं.

आईनं माझा दंड धरला. "तू गप."

मग तिनं ऋतुराजकडं तोंड केलं, पदर जिथं होता तिथंच राहू दिला.

"रेवणसिद्ध," ती म्हणाली. "रेवणसिद्ध मायाप्पा कोळेकर. लिव. फडकं बांधलं त्येनं. बांधाय लावलं तुज्या आज्यानं. आन् बटन दाबलं हुतं बजाबाईनं. त्ये बी लिव."