एकतीस तास कमी

त्या उन्हाळ्यात स्वीडनमधल्या आमच्या डालार्ना प्रांतात सलग सहा आठवडे पाऊस पडला, आणि त्याचं दुःख असलेलं घर गावात एकच होतं, आमचं.

माझी मुलगी ईल्वा वैमानिक. म्हणजे परवाना आहे, विमान नाही. विमान कंपनीला पाचशे तास विमान उडवलेला माणूस हवा, आणि नोकरीच नाही तर तास मिळणार कुठून? आमच्याकडे त्यावर एकच उपाय. जंगल वाळलं की सकाळी प्रांताच्या कचेरीतून फ्लाइंग क्लबला फोन येतो आणि क्लबचं छोटं विमान ठरलेल्या वाटेने धूर शोधत फिरतं. पेट्रोल सरकारचं, तास उडवणाऱ्याचे. ईल्वाचे चारशे एकोणसत्तर झाले होते. पंधरा कोरडे दिवस मिळाले असते तर काम झालं असतं. स्वतःच्या खर्चाने एकतीस तास उडायचं, तर किराणा दुकानातला तिचा तीन महिन्यांचा पगार गेला असता.

मी चर्चमध्ये गातो. आमचे पाद्री निरूपण करता करता मध्येच सूर लावतात, आणि मग आम्ही चौघं-पाचजण त्यांच्या मागे जातो. वीस वर्षं झाली, तो क्षण माझा एकदाही चुकलेला नाही. पण एका रविवारी त्यांनी पावसाबद्दल देवाचे आभार मानायला घेतले आणि माझ्या तोंडून सूरच निघेना.

"घसा बसलाय का रे?" नंतर कॉफी घेताना त्यांनी विचारलं.

"घसा नाही, मुलगी बसलीय. घरी."

"मग काय, वणवा मागू देवाकडे?"

"वणवा कशाला? जरा सुकवा म्हणावं."

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी पाच वाजता विमान कंपनीचे अर्ज बंद होणार होते. चार वाजता ईल्वा स्वयंपाकघरात कॉम्प्युटर उघडून बसली. चौकटीत ४६९ टाकलं की चौकट लाल व्हायची: किमान ५००. तिने पुन्हा टाकलं. पुन्हा लाल.

"पाचशे टाक," मी म्हणालो.

"काय?"

"टाक ना. अर्ज पुढे जाऊ दे. समोर माणूस बसला की खरं सांग. मशीनपुढे कसलं आलंय पाप?"

"बाबा, हे तू बोलतोयस?"

"मीच बोलतोय. सहा आठवडे तुझं तोंड बघतोय मी."

ती हसली नाही. "ढगात शिरल्यावर काटा दाखवतो तोच आकडा वाचायचा असतो. आपल्याला हवा तो नाही. एवढंच तर शिकले मी तीन वर्षं."

"ते वर. हे स्वयंपाकघर आहे."

तिने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं पलीकडून तेच तीन सूर वाजत राहिले. गाणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मी कपाटाची दारं आपटत होतो. पाचला दहा मिनिटं असताना भरती विभागाच्या गुनिल्ला नावाच्या बाई बोलू लागल्या.

"एकतीस कमी? का बरं?"

"पाऊस पडला. मी वणवा टेहळणीवर उडते."

"अर्ज नाही घेता येणार. नियम आहे. वसंतात पुन्हा भरती निघेल."

"ठीक आहे," ईल्वा म्हणाली. तिने डोळे मिटले होते.

"थांबा, फोन ठेवू नका. आमच्या नियोजन कक्षात माणूस हवाय. वैमानिकांच्या पाळ्या लावायच्या, हवामानाचे कागद तयार ठेवायचे. उडणं नाही हं, आधीच सांगते."

"चालेल. कधीपासून?"

"सोमवारी येता का?"

फोन ठेवल्यावर मी जे तोंडात दाबून धरलं होतं ते बाहेर आलं. "तीन वर्षं शिकून आता दुसऱ्यांच्या पाळ्या लावणार?"

"कुठली खुर्ची रिकामी होतेय ते पाळ्या लावणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं, बाबा."

"आणि तुझे एकतीस तास?"

"पगार येईल ना. शनिवारी गावी येऊन उडेन, एकेक तास."

"म्हणजे मी दर शनिवारी तुला स्टेशनवर घ्यायला येऊ?"

"आणि रविवारी सोडायला. चर्च सुटल्यावर."

मी कुरकुरतच माळ्यावरून तिची बॅग काढली. एक चाक निखळलं होतं. तेही मलाच बसवावं लागलं.