तिसरी सिदोनी

नात शनिवारी पहाटे झाली आणि रविवारी जेवणं आटोपल्यावर सिदोनी व्होक्लँ तिला बघायला शहरातल्या प्रसूतिगृहात गेली. एक्काहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा आजी झाली होती. मुलगा एकुलता एक, रेजिस, अडतीस वर्षांचा, नळांची कामं करणारा. त्याच्या घरी पाळणा कधी हलणार हे विचारून विचारून गाव थकलं होतं. त्यामुळे स्वारी भलतीच खुशीत होती. टोपलीत घरची सफरचंदं होती आणि स्वतः विणलेली दोन टोपडी.

बाळाचं नाव मात्र नऊ महिने गुलदस्त्यात राहिलं होतं. पाववालीने रेजिसला रोज पाव बांधून देताना खोदून खोदून विचारलं, पण नवराबायको दोघंही पक्की.

"आता तरी सांगाल का?" बाळाला मांडीवर घेत सिदोनी म्हणाली. "की पोर शाळेत जाईपर्यंत थांबायचं मी?"

सून ऑरेली उशीला टेकून बसली होती. ती पॅरिसकडची, बडबडी आणि मनाने लख्ख. "ओळखा ना, सासूबाई. तुमच्या चांगल्या ओळखीचं नाव आहे."

"तुझ्या आईचं?"

"छे! तुमचं. सिदोनी!"

रेजिस कौतुकाने आईच्या तोंडाकडे बघत होता. म्हातारीचे डोळे भरून येतील, अशी त्याची अपेक्षा असावी. डोळे भरले नाहीत. सिदोनीला मांडीवरचं पोर एकदम जड वाटायला लागलं.

ऑरेलीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सुरूच झाली. "आमच्या वर्गात पाच ऑरेली होत्या हो! बाई आम्हाला आडनावाने हाका मारायच्या. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीचं नाव गल्लोगल्ली ऐकू येता कामा नये. पण उगाच जुळवून केलेलंही नको. जुनं हवं, मुळं असलेलं. आणि मग तुमच्या कपाटात तो चांदीचा पेला दिसला, तुमच्या बाप्तिस्म्याचा, नाव कोरलेला. तिथल्या तिथे रेजिसला म्हटलं, हेच!"

तिने नावांचं पुस्तकही आणून ठेवलं होतं. सिदोन नावाचं समुद्रकाठचं फार जुनं शहर, तिथली स्त्री ती सिदोनी. पणज्यांच्या काळात हे नाव चांगलं चालायचं, मग लोकांनी टाकून दिलं, आणि आता पॅरिसमधले आईबाप तीच टाकलेली नावं शोधत फिरतात. बाळाचा ताप बघायला आलेल्या नर्सनेही नाव ऐकून गालावर हात ठेवला. "कित्ती गोड! आमच्याकडे या वर्षी पहिलीच."

"छान आहे," सिदोनी म्हणाली. आणखी काही बोलायचं तर तोंडातून भलतंच निघालं असतं, म्हणून तिने एक सफरचंद सोलायला घेतलं.

तो पेला तिचा नव्हता. तिच्या बहिणीचा होता.

बहिणीचं नावही सिदोनीच होतं, सिदोनी ओव्रे. चार वर्षांची होऊन घटसर्पाने गेली, आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी दुसरी मुलगी झाली तेव्हा ओव्रे घराण्यात नावावर फार चर्चा झाली नाही. पेला होता, कोरलेला होता. बाप्तिस्म्याचा झगा होता. गेलेल्या पोराचं नाव पुढच्या पोराला देण्याची जुनी रीत होती आणि त्या घराण्यात काहीच वाया घालवत नसत. नाव तरी का घालवावं? पाद्रीबुवांनीही मान डोलावली. त्यांच्या मते हे नाव शहराचं नव्हतंच. येशूला क्रूसावरून काढून ज्या लिननच्या कापडात गुंडाळलं, त्याच्या ग्रीक नावावरून ते आलं, आणि त्या कफनाच्या सणाला जन्मलेल्या मुलींना ते देत. दुसऱ्या मुलीला हे सगळं पुढे कळलं. तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तान्ह्या पोराला विचारणार तरी काय म्हणा.

विचारलं नाही ते एकवेळ ठीक. पण ज्या आईने नाव ठेवलं, तिलाच ते नाव घेता येईना. ती मुलीला "पोरी" म्हणायची. पोरी, जेवायला ये. पोरी, कोंबड्या आत घे. बाहेर शाळेत मार्तीन, शांताल आणि निकोल यांच्या गर्दीत मुलं तिला त्या जुनाट नावावरून "आजीबाई" म्हणून चिडवायची, आणि घरात ती पोरी. वर्षातून एकदा मात्र आईच्या तोंडून ते नाव यायचं. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, घरोघरचे लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जात, तेव्हा. स्मशानात भिंतीला लागून लहान मुलांची रांग होती. तिथे आई गुडघे टेकायची, दगडावर हात फिरवायची आणि म्हणायची, "सिदोनी. माझी सिदोनी." इतक्या मायेने म्हणायची की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा.

सात वर्षांची असताना तिथे धाकटी एकदा चुकली. आईने हाक मारली आणि मागे उभ्या असलेल्या पोरीने आनंदाने उत्तर दिलं, "काय आई?"

आई वळली. मारलं नाही तिने. फक्त म्हणाली, "तुला नाही म्हटलं."

त्यानंतर सिदोनीने जन्मभर आपल्या नावापासून पळ काढला. विशीत ती ल् हाव्र या बंदराच्या शहरात कापडाच्या दुकानात लागली. मालकिणीला ते नाव गिऱ्हाइकांपुढे खेडवळ वाटलं, तिने हिचं नाव निकोल करून टाकलं. दुसरी एखादी रुसली असती. हिने देवाचे आभार मानले. तीन वर्षं ती निकोल होती आणि त्या तीन वर्षांत ती खूप हसली. मग लग्न होऊन पुन्हा गावाशेजारी आली. नवरा तिला "माझी कोंबडी" म्हणायचा, आणि आमच्याकडे बायकोला कोंबडी म्हणण्यात वावगं काही नसलं तरी त्या हाकेवर सिदोनीइतकी खूश होणारी बाई विरळाच. गावाला ती मादाम व्होक्लँ होती, मुलाला आई, सुनेला सासूबाई. जन्मभर खपून तिने असं कुंपण घातलं होतं की नाव आत येऊ नये. आता ते तिच्याच घरात, मुलगा-सून राहत त्या वरच्या मजल्यावर, पाळण्यात येऊन झोपणार होतं.

हे सगळं रेजिसला ठाऊक नव्हतं. भिंतीजवळच्या त्या दगडावर शेवाळ चढून नाव दिसेनासं झालं होतं. लहानपणी त्याने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं होतं, "कुणी नसलेलं पोर आहे, म्हणून एक कुंडी ठेवते." एकदा सांगितलेलं खोटं मग तीस वर्षं चाललं.

जन्माची नोंद पाच दिवसांत करावी लागते. म्हणजे गुरुवारी, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, चार वाजता शहराची नगरपालिका बंद व्हायच्या आत. पाच दिवस टळले तर कोर्टाची पायरी. रेजिस कुठलंही काम शेवटच्या दिवसाशिवाय करत नसे, तेव्हा सिदोनीला गुरुवारपर्यंत वेळ होता.

सोमवारी तिने ठरवलं, फोनवर सांगू. फोन ऑरेलीने उचलला आणि ती नावासाठी मिळालेल्या शुभेच्छा वाचून दाखवायला लागली. मंगळवारी पाववालीने अख्ख्या दुकानासमोर हात पुसून तिचं अभिनंदन केलं. बुधवारी मायलेकी घरी आल्या. ऑरेलीने आल्याआल्या तो पेला घासूनपुसून पाळण्याशेजारच्या फळीवर ठेवला. सिदोनी सूप ढवळत राहिली. सांगायचं तर काय सांगायचं? तुमच्या हौसेचं नाव मेलेल्या पोराच्या अंगावरून उतरवलेलं आहे, असं? बाळंतिणीला? तेही आनंदाने फुललेल्या?

गुरुवारी सकाळी रेजिस तिला गाडीतून स्मशानात घेऊन गेला. कुंड्या दोन होत्या. मोठी पिवळी त्याच्या बापाच्या थडग्यावर त्यानेच ठेवली. दुसरी, पांढऱ्या शेवंतीची, सिदोनीने स्वतः उचलली.

"आण इकडे. कंबर धरेल तुझी," तो म्हणाला.

"राहू दे. हलकी आहे."

"तुझ्या त्या अनाथ पोराची ना? मी येतो."

"नको म्हटलं ना!"

ती एवढी ओरडली की शेजारी थडगं घासणाऱ्या बाईने मान वर केली. रेजिसने दोन्ही हात वर करून हार मानली. ती परत आली तेव्हा तो गाडीला टेकून उभा होता, बापासारखाच, पाय फाकून.

"आई, एक विचारू? खरं सांग. नाव आवडलंय का तुला? ऑरेलीने तीनदा विचारलंय मला. म्हणते, तुझी आई नुसती 'छान' म्हणाली आणि सफरचंद सोलत बसली."

सिदोनीने हाताची माती झटकली.

"नको असेल तर आत्ता सांग ना. आमच्याकडे दुसरं आहे, ओंबलीन. तिला तेही आवडतं. दुपारी जातोय मी. एकदा लिहिलं की लिहिलं."

दार सताड उघडं होतं. 'नको' एवढंच म्हणायचं होतं, कारणसुद्धा सांगायला लागलं नसतं. पण त्या क्षणी तिच्या मनात आलं, 'नको' म्हणणं हेही एका जिवंत पोरीला, आपल्याला स्वतःलाच, पुसून टाकणंच की. आणि त्याच्याही खाली, जिथे माणूस स्वतःशीही सहसा बोलत नाही तिथे, तिला ते नाव ऐकायचं होतं. घरात, दिवसाउजेडी, हसत हसत कोणीतरी कोणालातरी मारलेली हाक.

"आवडलं," ती म्हणाली. "उगाच काय? जा, लिहून ये."

दुपारी तीनला रेजिस कागद घेऊन शहरात गेला. ऑरेली अंघोळ करून आली आणि बाळाला सासूच्या मांडीवर देऊन केस विंचरायला बसली. पोर कुरकुरत होतं. सिदोनीने पाय हलवत त्याला थोपटलं.

"रडू नको, पोरी. उगी, उगी. पोरी माझी."

ऑरेली हसली. "पोरी काय? नावाने हाक मारा ना, सासूबाई. आपलं नाव कळू दे की तिला."

सिदोनीने तोंड उघडलं आणि काही आलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. तरी नाही. बाळ तिच्याकडे बघत होतं, पण बाळाच्या चेहऱ्याच्या जागी तिला दिसत होता तो शेवाळलेला दगड. चौसष्ट वर्षं तिने आईला माफ केलं नव्हतं. आईला आपण नको होतो, अशीच तिची खात्री होती. आणि आता तिला कळलं की आईला नुसतं जमत नव्हतं. रोज सकाळी उठून जमत नव्हतं. एवढी साधी गोष्ट समजायला तिला स्वतःच आईच्या जागी येऊन बसावं लागलं, याचा तिला भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"रेजिसला फोन लाव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. त्याला म्हणावं थांब."

"का? काय झालं?"

"लाव गं!"

ऑरेलीने घाबरून फोन लावला. पलीकडून रेजिसचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला. "झालं! रांगच नव्हती. लिहिलं, सही केली, कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत शिक्काही मारून घेतला. सिदोनी व्होक्लँ! आईला सांग, आता गावात दोन आहेत."

फोन बंद झाला. चार वाजायला दहा मिनिटं होती. ऑरेली कंगवा हातात धरून सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. "सासूबाई, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. मला सांगा ना काय ते. नावाचं आहे का काही?"

"आहे. सगळं सांगते. उद्या तुला स्मशानात नेईनही, बाळंतीण आहेस, दुरूनच बघ हवं तर." तिने बाळाची मान हातावर नीट घेतली. "पण आधी हिच्याशी बोलू दे."

बाळाचं रडणं थांबलं होतं. सिदोनी पुढे वाकली. पहिल्या वेळी नुसती हवा बाहेर आली. दुसऱ्या वेळी आवाज फुटला, घोगरा, अनोळखी.

"सिदोनी."

पोराने डोळे उघडे ठेवले.

"सिदोनी," ती पुन्हा म्हणाली. "तुला म्हणतेय गं. तुलाच."