बनाबाईंच्या रांजणातले काळे पाणी

अमडापूरच्या बाजारात त्या दिवशी भाजीच्या पालांपुढे चिटपाखरू नव्हते. सारा जनसमुदाय एका टेबलाभोवती लोटला होता. टेबलावर जलशुद्धी यंत्र आणि दोन पेले होते. एकात त्या यंत्राचे पाणी, दुसऱ्यात बनाबाईंच्या रांजणातले. अविनाश नामक विक्रेत्याने दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून बटण दाबले आणि पाहता पाहता रांजणाचे पाणी तपकिरी, मग काळेकुट्ट झाले. यंत्राचे पाणी मात्र निर्मळच!

"पाहा मायबाप हो!" अविनाश गरजला. "हे पेता तुम्ही? हे तर नालीचं सार हाय! मुतखडा काऊन होते, आता समजलं?"

"त्या वस्तीतलं पानी, अजून काय निंघन?" मागून कोणी कुजबुजले.

ते शब्द प्रेमानंदच्या काळजात रुतले. बनाबाई त्याची सख्खी मावशी. वीस वर्षे ती बस थांब्यावर रांजण भरीत होती. ज्यांच्या आजोबांनी तिच्या आजोबांना विहिरीच्या काठावर पाऊल ठेवू दिले नाही, त्यांची नातवंडे तिच्या हातचे पाणी पीत. हीच तिच्या जन्माची मिळकत. आणि तो पेला भरून आणला होता खुद्द प्रेमानंदने! अविनाशकडे यंत्रे बसवण्याच्या कामाला लागून त्याला दहाच दिवस झाले होते. "मावशी, तुहं पानी नंबर एक निंघते, पाह्यजो," असे तो अभिमानाने म्हणाला होता.

आता मावशी पदर तोंडाला लावून उभी होती.

इतक्यात अंबूबाई पुढे सरसावल्या. यंत्र घेण्याचे त्यांनी मनोमन ठरवलेच होते. "एवढ्या लोकायची नजर लागन वो माह्या मशिनीले!" असे पुटपुटत त्यांनी पिशवीतून चिमूटभर मीठ काढले, यंत्रावरून तीनदा ओवाळले आणि यंत्राच्याच पेल्यात टाकले. वीज चालूच होती. क्षणात ते निर्मळ पाणीही काळवंडले!

"अंबूबाई, करनी केली काय वो?" हशा पिकला.

"बाईचा हात मळका होता!" अविनाश ओरडला.

प्रेमानंदला मात्र कांड्या आठवल्या. रोज संध्याकाळी तोच त्या घासून ठेवी. त्यांतली एक दिवसागणिक बारीक होत होती. तिचे लोखंड जाते कुठे, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. बोलावे तर नोकरी जाणार. गप्प राहावे तर मावशीचे रांजण कायमचे कोरडे. त्याने बटण बंद करून कांडी उचलली.

"हे घाण पान्यातली नाही, या कांडीची हाय! पान्यात क्षार असले का करंट वाहते, लोखंड झिजते, गंज पान्यात उतरते. मशिनीच्या पान्यात क्षार कमी, म्हनून ते साफ राह्यलं. मीठ पडलं अन् तेही काळं झालं!"

"बे पेम्या, नोकरी कोनाची करून राह्यला तू?" अविनाश खेकसला.

"आतापरेंत तुमची होती."

गर्दी पांगली. मावशीने हळूच विचारले, "पेम्या, मंग माहं पानी चांगलं हाय काय रे?"

'हो' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण तपासल्यावाचून बोललेला तो 'हो' अविनाशच्याच जातकुळीचा ठरला असता. "मले मालूम नाही, मावशी. तपासाले नेतो."

"तवरक मी उकळून भरतो," ती म्हणाली.

अहवाल आला: पिण्यास योग्य, क्षार किंचित अधिक. प्रेमानंदने तो रांजणाशेजारी चिकटवला. आज तो स्वतः यंत्रे विकतो, परंतु आधी गिऱ्हाइकाचे पाणी तपासून आणतो. "तुमाले मशीन लागतच नाही," असे त्याने अंबूबाईंना सांगितले तेव्हा त्या उद्गारल्या, "असा धंदा करते काय कोनी?"

तरीही काही माणसे अद्याप रांजण टाळून पुढे जातात. अहवाल त्यांनी वाचलेला आहे. पण काळा पेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

वाचकहो, यंत्र खरे होते, बोलणे खोटे होते. उद्या कोणी तुमच्या डोळ्यांदेखत पाणी काळे करून दाखवील, तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी चिमूटभर मीठ मागा. ओवाळण्यासाठी नव्हे, पारखण्यासाठी.